द्वारकाआत्यांचं पिवळं कार्ड

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलं की पूर्वरंगातच डुलकी लागते, हा माझा कीर्तनातला जुना अनुभव. आज सांगणार आहे ती एका सुईची गोष्ट. त्या सुईपायी माझं डोकं जितकं फिरलं, तितकं उभ्या आयुष्यात फिरलेलं नाही. ऐकताना तुमचंही फिरेल. पण गोष्ट संपेपर्यंत उठू नका, एवढं माझ्यासाठी करा.

"अंडं खाल्ल्यावर कधी अंगावर पित्त उठलं? ओठ सुजले? दम लागला?"

किसुमूच्या आरोग्य केंद्रात सिस्टर अतिएनो हातात पेन धरून विचारत होती. समोरच्या स्टुलावर द्वारकाआत्या बसल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, पदर खोचलेला, ब्लाउजची बाही वर सरकवून दंड पुढे केलेला.

"अंडं?" आत्या म्हणाल्या. "मी कशाला खाईन अंडं?"

"कधीच खाल्लं नाही?"

"जन्मात नाही."

"केकमधूनसुद्धा नाही?"

"माझ्या केकात दही असतं."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. तिकडे मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. "मग मामा, तुम्हाला ते सोसतं की नाही, हे मला कसं कळायचं?"

"अगं बाई, तू टोचणार दंडात. त्यात अंड्याचा काय संबंध?"

अतिएनो साधी, सरळ पोरगी. खरं सांगून मोकळी झाली. "ही लस अंड्यात वाढवतात, मामा. कोंबडीच्या."

आत्यांनी बाही खाली ओढली. पदर सावरला, पिशवी काखेत मारली आणि मला म्हणाल्या, "चल भालू."

माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली ती तिथून.

आता आत्या कोण आणि सुई कशासाठी, ते सांगतो. मी त्या वेळी किसुमूजवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट होतो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं ते केनियातलं गाव. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यात द्वारकाआत्यांचं घर सगळ्यात जुनं. नाशिककडच्या हरदासाची ही मुलगी लग्न होऊन किसुमूला आली. यजमानांचं शिलाई मशीनचं दुकान होतं. यजमान गेले, दुकान गेलं, पण आत्यांचं गुरुवारचं कीर्तन चुकलं नाही. वडिलांनी गादीवर उभं करताना एकच अट घातली होती: या देहात अभक्ष्य जाणार नाही. ती त्यांनी साठी उलटून गेली तरी पाळली होती. आवाज असा, की रतिलालभाई वाणी गुरुवारी दुकान अर्धं बंद करून यायचा. मी पेटी धरायचो. आणि तबल्यावर असायचा मसंजा.

मसंजा टांझानियाचा, सरोवराच्या दक्षिण काठावरच्या म्वांझा गावचा. सुतारकामाला किसुमूत आला. आमच्या हॉलचा चौरंग दुरुस्त करत असताना तबलजी हिवतापाने आडवा पडला, तेव्हा गावाकडे ढोल वाजवणाऱ्या याला गंमत म्हणून बसवला. दुसऱ्या गुरुवारी आत्या म्हणाल्या, "त्या तबलजीला म्हणावं, तू आराम कर." अठरा वर्षं मसंजा त्यांच्या मागे बसला. मराठी मोडकं बोलायचा, पण आत्या श्वास कुठे घेणार हे त्याला माझ्याआधी कळायचं. मग आई थकली म्हणून तो बायको-मुलांसह गावी परतला.

त्याचाच निरोप आला होता. लहानपणी गालगुंडात त्याचा उजवा कान गेलेला. आता डाव्या कानामागच्या नसेवर गाठ निघाली होती. ती काढली नाही तर जीव जाणार, काढली तर कान जाणार. शस्त्रक्रियेची तारीख पडली होती. चक्कर येते म्हणून त्याला प्रवास करता येत नव्हता. फोनवर त्याने त्याच्या मराठीत सांगितलं, "आत्या, त्यानंतर काहीच नाही ऐकायचं. त्याआधी एक कीर्तन दे."

"आलेच," आत्या म्हणाल्या.

रतिलालभाई म्हणाला, "एमां शुं? केनियाचा पासपोर्ट आहे ना? व्हिसा लागतच नाही. बसमध्ये बसायचं आणि उतरायचं."

बाबांनो, व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असा समज जगात ज्याने पसरवला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. पासपोर्टची मुदत अजून सहा महिने तरी उरलेली हवी. शिक्क्याला कोरं पान हवं. कुठे उतरणार, कधी परतणार ते सांगता यायला हवं. आणि पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड हवं. तेही टोचल्यावर दहा दिवस उलटले की मगच ग्राह्य. माझं कार्ड पूर्वीच झालेलं. मी दोनदा खेटे घालून सगळं विचारून आलो, तारखा जुळवल्या, कारखान्यातून रजा काढली. आणि आता ही बाई अंड्यासाठी बाही खाली ओढून घरी निघाली होती!

"आत्या," मी रस्त्यातच सुरू केलं, "तुम्ही अंडं खाणार नाही आहात. एवढीशी लस आहे. डोळ्यांनासुद्धा दिसणार नाही."

"विषही डोळ्यांना दिसत नाही."

"वडिलांची अट तोंडाची होती. दंडाला तोंड असतं का?"

"भालू, तुला पेटी वाजवायला बसवलाय. देवापुढे वकिली करायला नाही."

माझ्या ओठांवर आलं होतं की तुम्ही रोज सकाळी घेता त्या कॅप्सूलचं कवच कशापासून बनतं ते ठाऊक आहे का? पण जीभ चावली. हिने ती पण बंद केली असती आणि रक्तदाबाने सरहद्दीच्या आधीच प्रवास आटोपला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वयामुळे थोडी काळजी घ्यावी लागेल, पण तपासून देता येईल. नाहीतर दुसरा मार्ग आहे. यांना अंड्याची ॲलर्जी असेल, तर लस देता येत नाही असं मी लिहून देतो. पलीकडचा अधिकारी ते मान्य करेल किंवा करणार नाही, ते त्याच्यावर."

मी आत्यांच्या कानाशी लागलो. "ऐकलंत ना? म्हणा, अंडं सोसत नाही."

"पण मला काय ठाऊक सोसतं की नाही?"

"म्हणायला काय जातं?"

आत्यांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चालू कीर्तनात चप्पल घालून गादीवर चढलो होतो. "खोटं सांगून मी मसंजापुढे देवाचं नाव घेऊ? तोंड आहे का मला?"

डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. मला मात्र हसू येईना.

संध्याकाळी रतिलालभाई मागच्या दाराने आला. दबक्या आवाजात म्हणाला, "बेन, एक माणूस आहे. नाव सांगा, उद्या तयार कार्ड. सुई नाही, अंडं नाही, काही नाही."

"आणि टोचल्याची तारीख?"

"तुम्ही सांगाल ती."

"रतिलाल," आत्या म्हणाल्या, "तू गुरुवारी माझ्या पायावर डोकं ठेवतोस ना?"

"हा बेन."

"या गुरुवारी नको ठेवूस."

रतिलालभाई आला तसा गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन माठातलं गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं. सुई नको, सवलत नको, बनावट कार्ड नको. आणि म्वांझाला जायचंच! हे कोडं ब्रह्मदेवालाही सुटलं नसतं. दिवस मात्र सुटत होते, एकामागून एक.

शेवटी मीच चिडून म्हटलं, "आत्या, आज-उद्यात टोचलं नाही, तर कार्ड लागू होईतो मसंजा टेबलावर असेल. तेव्हा एकदा फोन करा आणि त्याला सांगून टाका की तुम्ही येत नाही. तो बिचारा वाटेकडे डोळे लावून बसलाय."

बराच वेळ त्या देव्हाऱ्यापुढे बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "लाव फोन."

त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे मसंजा होता. आत्यांनी सगळं सांगितलं: लस, अंडं, वडिलांना दिलेला शब्द. सांगताना गादीवर कधी न चाचरणारी बाई तीनदा अडखळली.

मसंजा म्हणाला, "बरं, आत्या. व्रत ते व्रत. माझ्यासाठी मोडू नका."

एवढंच. ना राग, ना हट्ट. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात पलीकडे खडखडाट झाला आणि फोनवर बाईचा आवाज आला. पास्कालिना, मसंजाची बायको. आमच्या कीर्तनाला ती कधी आलेली नव्हती. फार तर एक-दोनदा दारात छत्री घेऊन नवऱ्याला न्यायला आलेली मी पाहिली होती.

"मामा द्वारका, आता माझं ऐका," ती तिकडच्या किस्वाहिली भाषेत म्हणाली. आवाज तापलेल्या तव्यासारखा. "माझा नवरा सरोवराकाठचा. आम्ही दूध सुटलं की मासा धरतो. अठरा वर्षं दर गुरुवारी या माणसाने मासा खाल्ला नाही, मटण नाही, अंडं नाही. बुधवारी रात्रीपासूनच बंद. मी त्याला वेगळं शिजवायचे. वेगळी पळी, वेगळं पातेलं. मुलं रडायची, बाबा आमच्याबरोबर का जेवत नाही म्हणून. चर्चमध्ये बाया मला विचारायच्या, तुझ्या घरी काय चाललंय म्हणून. मी सांगायचे, पोटाचं दुखणं आहे. खोटं बोलायचे मी, चर्चच्या दारात उभी राहून!"

"त्याला कुणी सांगितलं होतं?" आत्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कुणीच नाही! तुम्ही खात नाही हे पाहिलं आणि सोडलं. म्हणाला, तिच्या आवाजाला माझ्या तोंडाचा वास लागायला नको. मी भांडले, आदळआपट केली. अठरा वर्षं भांडले आणि अठरा वर्षं रांधलं. आणि तुम्हाला एक सुई जड जाते?"

मागून मसंजाचा आवाज येत होता, "पास्का, बस कर. ठेव तो फोन."

"नाही ठेवत. आयुष्यभर ऐकायचंच तर काम केलंस. आता मला बोलू दे." आणि मग तिचाही आवाज फाटला. "मामा, त्या दिवसानंतर तो माझी भांडणंसुद्धा ऐकणार नाही."

फोन बंद झाला. मी दिवा लावायला उठलो तर आत्या म्हणाल्या, "सिस्टर उद्या सकाळी किती वाजता येते रे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही आरोग्य केंद्राचं फाटक उघडण्याआधीच बाहेर उभे होतो. डॉक्टरांनी तपासलं. सिस्टरने आधी हाताच्या कातडीवर एक थेंब टोचून वाट पाहिली, काही उठलं नाही. मग दंडात सुई. आत्यांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. झाल्यावर सिस्टरला म्हणाल्या, "पोरी, तू खरं सांगितलंस ते बरं केलंस." अतिएनो माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मला नको विचारूस, बाई. मला यातलं काही कळत नाही."

त्यानंतरच्या गुरुवारी आत्यांनी कीर्तन केलं नाही. मला वाटलं, कणकण आली असेल. विचारलं तर म्हणाल्या, "बघू." पेटी उघडली तशी बंद केली.

आमची बस सरहद्दीवर पोचली तेव्हा भर दुपार होती. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला, कुठे उतरणार ते विचारलं, शिक्का मारला. पुढच्या टेबलावरच्या माणसाने पिवळ्या कार्डावर नजर टाकली आणि हाताने पुढे व्हा अशी खूण केली.

आत्या जागच्या हलल्या नाहीत. "उघडून बघ."

"ठीक आहे, मामा. दिसलं."

"दिसलं नाही. तू वाच. तारीख वाच. सही वाच."

मागे रांग ताटकळत होती. कोणी तरी शीळ घातली. एक बाई डोक्यावर केळ्यांचा घड घेऊन माझ्या पाठीत रेटत होती. "आत्या, चला!" मी दात-ओठ खात म्हटलं. तो माणूस चांगला, त्याने कार्ड उघडून मोठ्याने तारीख वाचली, नाव वाचलं, आणि म्हणाला, "बरोबर आहे, मामा. असांते, धन्यवाद." मग कुठे आत्यांनी पाय उचलला.

म्वांझाला मोठमोठे गोल खडक एकावर एक रचून ठेवल्यासारखे उभे आहेत. त्यातल्याच एका खडकाच्या सावलीत मसंजाचं अंगण होतं. संध्याकाळी चटया पसरल्या. शेजारीपाजारी आले, चर्चच्या गायकवृंदातले चार जण आले, गावातली दोन गुजराती कुटुंबं आणि एक मराठी इंजिनियर सपत्नीक आला. मसंजा भिंतीचा आधार घेत आला आणि तबल्यामागे बसला. वाळला होता, पण हातोडीने तबला ठोकून सुरात लावताना त्याचा चेहरा तोच होता. डोकं डावीकडे झुकवून, त्या एका कानाने ऐकत. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

मी पेटीचा सूर धरला. चौरंगावर हार ठेवला होता, बुक्का ठेवला होता. पास्कालिना स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. आत्यांनी हार उचलला आणि आता गळ्यात घालणार, तोच चार पावलं मागे आल्या आणि तो मसंजाच्या गळ्यात घातला.

"आत्या?" मसंजा म्हणाला.

"मी उभी राहणार नाही. शब्द मोडून आले आहे मी. या गादीवर आज माझा हक्क नाही."

झालं! माझ्या हातातला भाता तसाच राहिला. महिनाभर ज्या बाईने माझ्या जिवाचं पाणी केलं, ती सरहद्द ओलांडून, शिक्के मारून, अंगण भरल्यावर म्हणते मी उभी राहणार नाही! "आत्या," मी म्हणालो, "आता जर तुम्ही..."

"तू सूर सोडू नकोस, भालू. काळी चारच ठेव."

मसंजाला रडू यायला लागलं. "मला उभं राहता येत नाही. चक्कर येते. आणि मी तुम्हाला ऐकायला थांबलो होतो."

"बसून सांग. तबला समोर ठेवूनच सांग. अठरा वर्षं तू हातांनी बोललास, आज तोंडाने बोल. गाईन मीच, पण तुझ्या मागे बसून." त्या त्याच्या उजव्या हाताला बसायला गेल्या, मग थबकल्या आणि वळसा घालून डाव्या बाजूला, त्याच्या कानाशी बसल्या. "माझी आख्यानं तुला पाठ आहेत. देवाने भक्ताच्या घरी बारा वर्षं पाणी भरलं, ते लाव."

मग मसंजाने डग्ग्यावर हात ठेवला आणि किस्वाहिलीत सुरू केलं. पहिलं वाक्य अर्ध्यावर तुटलं. आत्यांनी मागून झांज वाजवली आणि ध्रुवपद धरलं. तो सावरला.

काय सांगू तुम्हाला! मी मोठमोठ्या बुवांची कीर्तनं ऐकली आहेत. पण मसंजाचा देव व्हिक्टोरिया सरोवरावरून कावडीने पाणी आणत होता. वाटेत त्याला मासे विकणाऱ्या बाया चिडवत होत्या. भक्ताची बायको रोज त्या पोरावर ओरडायची: चिखलाचे पाय घेऊन घरात येऊ नकोस, मेल्या, आत्ता सारवलंय! आणि देव गुपचूप बाहेर पाय धुऊन यायचा. अंगण खो-खो हसत होतं. गायकवृंदातल्या चौघांनी दुसऱ्या कडव्यापासून ध्रुवपद उचललं, अर्थ न कळता, आणि इतकं सुरात की मला पेटी सोडून नुसतं ऐकावंसं वाटलं. प्रत्येक पदाला आत्या पुढे झुकून त्याच्या कानाशी गात होत्या. शेवटी देव कावड दारात ठेवून नाहीसा होतो. तिथे मसंजाने तबला थांबवला. नुसते हात चामड्यावर ठेवले आणि डोळे मिटून बसून राहिला. आत्यांनी तेवढं एक पद साथीशिवाय म्हटलं, पुरतं म्हटलं.

कीर्तन संपलं की गादीवर असेल त्याच्या पाया पडायचं. वय बघायचं नाही, जात बघायची नाही. आमच्यात तशी रीत आहे. आत्या उठल्या, कपाळाला बुक्का लावून घेतला आणि मसंजाच्या पायांवर डोकं ठेवलं. तो "नको, नको" म्हणत पाय ओढायला लागला, पण त्याला उठता थोडंच येत होतं! मग आत्या सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. पास्कालिनाला वाटलं आता भांडायला आल्या. ती हातातल्या फडक्याशी चाळा करत, हनुवटी वर करून उभी राहिली. आत्या वाकल्या आणि तिच्याही पायांना हात लावला.

"हे काय करता, मामा?" ती घाबरून मागे सरली. "मी काय केलंय?"

आत्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "आज काय रांधलंस?"

"मक्याची उगाली आणि पालेभाजी," पास्कालिना म्हणाली, आणि मग एकदम चिडून, रडत, "गुरुवार नाही आज, तरी!"

शस्त्रक्रिया झाली. मसंजाचा जीव राहिला, कान गेला. पुढे बरीच वर्षं तो जगला आणि सुतारकाम करत राहिला. किसुमूला परतल्यावर पुढच्याच गुरुवारी आत्या गादीवर उभ्या राहिल्या. मी विचारलं, "आणि तो शब्द?" तर म्हणाल्या, "ती वडिलांची गादी मी सोडली. ही मसंजाची." मी आपला सूर धरला.

आता उठा, उशीर झाला. कुठे कीर्तन ऐकलंत तर बुवांच्या पाया पडाच. पण माझ्याकरता एक करा: हात जोडाल तेव्हा म्वांझाच्या पास्कालिनाची क्षणभर आठवण काढा. तिने अठरा वर्षं भांडत भांडत वेगळं शिजवलं, आणि कीर्तन मात्र जन्मात एकदाच ऐकलं, तेही दारात उभं राहून.